ढगाखालचा माळ

आमच्या मॅडमनी सगळं आयुष्य वाळवंटांच्या अभ्यासात घालवलं आणि एकही वाळवंट पाहिलं नाही. कारण साधं होतं. त्यांना गाडी लागायची. वडगावातल्या घरापासून टिळकवाडीतल्या आमच्या केंद्रापर्यंत त्या रोज चालत यायच्या, पावसाळ्यात छत्री आणि रेनकोट दोन्ही घेऊन. रिक्षात बसायची वेळ आलीच तर आधी डोळे मिटायच्या आणि मग पत्ता सांगायच्या.

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. उपग्रहांनी घेतलेली चित्रं उतरवून घ्यायची आणि त्यांतून दुष्काळ, उष्णतेच्या लाटा, धुळीची वादळं, वाळत चाललेल्या जमिनी यांचा माग काढायचा, हे आमचं काम. मी कंग्राळीहून यायची. नवीन लागले तेव्हा बरेच दिवस मी कुणाशी फारसं बोललेच नाही. मला ते जमत नाही, आणि जमत नाही हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. मॅडमच्या लक्षात आलं असेल तरी त्यांनी दाखवलं नाही. एका सकाळी त्यांनी आमच्या दोघींच्या कॉम्प्युटरच्या पडद्यांच्या मधे पितळेचा एक तांब्या आणून ठेवला.

"थरच्या वाळवंटाचं चित्र उघडालीस ना? आधी पाणी पी."

मला वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. तापलेल्या जमिनीचं चित्र उघडलं की त्यांना खरोखरच तहान लागायची. जमिनीचं तापमान दाखवणाऱ्या चित्रात जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत रंग असतात. पिवळा वाढत गेला की त्या न बघता तांब्याकडे हात न्यायच्या. बाहेर बेळगावची भुरभुर चाललेली असायची, खिडकीची काच धुरकट झालेली असायची, आणि खुर्चीत स्वेटर घालून बसलेली ही बाई राजस्थानातल्या उन्हानं कासावीस व्हायची. आठवडाभरात मीही पाणी प्यायला लागले.

आम्हाला चहा आणून देणारे एक अण्णा होते. ते दारातूनच विचारायचे, "आक्का, आज कुठल्या देशात हाय तुमी?"

"नामिबियात. साखर कमी घाला."

"तिकडं साखर महाग झाली व्हय?"

"तिकडं माणूसच नाही अण्णा, साखर कोण खाणार?"

अण्णा कप ठेवून पडद्याकडे वाकून बघायचे. समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या, एकीमागे एक, कंगव्यानं विंचरल्यासारख्या. "लई भारी हाय," म्हणायचे आणि बराच वेळ तिथंच उभे राहायचे. मॅडम त्यांना हाकलत नसत. एखाद्याला बघत राहावंसं वाटतंय, तर त्याच्या मधे बोलू नये, असं त्यांचं होतं. मला त्या खोलीत बरं वाटायचं ते बहुतेक त्यामुळेच.

मॅडम विणकरांच्या घरातल्या. घरात आता यंत्रमाग होते, पण त्यांच्या लहानपणी हातमाग होता. कापडातले धागे मोजायला विणकरांकडे एक छोटं घडीचं भिंग असतं. वडिलांचं ते भिंग त्यांच्या पर्समध्ये असायचं. उपग्रहाचं चित्र खूप मोठं केलं की त्याचे चौकोनी ठिपके दिसायला लागतात, आणि मग भिंगाची काही गरज नसते. तरी त्या उठून पडद्याला भिंग लावायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या.

"इथं सूत सुटलंय," असं काहीतरी म्हणायच्या. बऱ्याचदा तिथं खरंच काहीतरी असायचं. एखादी विहीर, एखादा नवा रस्ता, एखादी आटलेली नदी.

आमच्या चित्रांत हिरवी झाडं लाल रंगात दाखवतात. झाडं जो प्रकाश परत पाठवतात त्यातला काही भाग आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला लाल रंग द्यायचा अशी रीत आहे. मॅडमनी इतकी वर्षं तेच पाहिलं होतं की एकदा शहापुरात साडी घेताना त्या दुकानदाराला टोमॅटोसारख्या लाल साडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती हिरवी दाखवा." दुकानदारानं हिरवी काढली. मॅडमनी ती हातात घेऊन बाजूला ठेवली. "ही नाही हो, हिरवी." मी शेजारी उभी होते, आणि कुणाला सांगावं ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ती लालच घेतली. बाहेर आल्यावर हसत म्हणाल्या, "स्वप्नातसुद्धा माझी झाडं लाल असतात गं. लहानपणीचा आमच्या परसातला लिंबसुद्धा."

त्यांना राग यायचा तो फक्त ढगांचा. आणि राहत होत्या बेळगावात, जिथं ढग महिनोन्‌महिने घराच्या कौलांवर टेकून असतात. उपग्रह ठरावीक दिवसांनी एकाच जागेवरून जातो. तो गेला त्या दिवशी खाली आभाळ भरलेलं असलं, की चित्रात फक्त ढग येतात. असं पांढरं चित्र दिसलं की मॅडम म्हणायच्या, "ह्यात काय बघालीस? ढग आहेत नुसते. टाकून दे." आम्ही टाकून द्यायचो.

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम भिंतीवर लावलेलं होतं. आमच्या जिल्ह्याचा नकाशा, ज्यात एकही ढग नव्हता. पश्चिमेला खानापूरकडची पावसानं सतत ओली राहणारी जंगलं, पूर्वेला अथणीकडची पावसाची वाट बघणारी काळी रानं, मधे बेळगाव, वर निपाणी, सगळं एका नजरेत स्वच्छ. तो एका दिवसाचा फोटो नव्हता. वर्षानुवर्षांच्या चित्रांतून जिथला जो तुकडा निर्मळ मिळाला तो मॅडमनी उचलला होता आणि शेजारच्या निर्मळ तुकड्याला जोडला होता. हे काम कॉम्प्युटरही करतो. पण त्यांनी प्रत्येक तुकडा स्वतः निवडला होता.

"असा दिवस कधी उजाडलाच नाही," त्या नकाशापुढे उभ्या राहून मला म्हणाल्या होत्या. "सगळीकडे एकाच वेळी लख्ख. हा मी विणलाय."

 रोज संध्याकाळी घरी जाताना मी त्या न उजाडलेल्या दिवसाकडे एकदा बघून निघायची.

त्या नकाशावरून जिल्ह्याच्या जमिनींचे प्रकार ठरवायचे होते. जंगल, शेती, पाणी, वस्ती आणि ओसाड. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं. 'बॅरन लँड' हा शब्द मी परीक्षांमधून इतक्यांदा लिहिला होता की तो लिहिताना डोळ्यांसमोर काही यायचंच बंद झालं होतं. पण या वेळी त्या शब्दाला वजन होतं. नकाशात जे ओसाड ठरेल, त्यातल्या सलग जागा सौर प्रकल्पांसाठी द्यायच्या, असं वरच्या कचेरीत ठरत आलं होतं. सगळ्यात मोठी जागा निपाणीच्या अलीकडचा, तवंदीच्या घाटाजवळचा एक माळ होता. नकाशात तो खरवसासारखा फिकट पिवळा दिसायचा. आम्ही त्याला ओसाडचा तपकिरी रंग दिला होता.

आणखी एक गोष्ट होती. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मॅडमचं नाव छापलं जाणार होतं. आजवर त्यांनी केलेलं सगळं काम केंद्राच्या नावानं गेलं होतं. निवृत्ती जवळ आली होती.

"आमच्या घरात कितीतरी पिढ्यांनी साड्या विणल्या," एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या. "पण खोक्यावर नाव येतं ते दुकानाचं. नकाशावर माझं नाव आलं तर आमच्या घरातलं ते पहिलंच." एवढं बोलून त्या लाजल्या आणि मला भाकरीचा तुकडा पुढे करत म्हणाल्या, "खा गं. किती कमी खातीस."

नकाशा छापायला जायच्या आधी, ऐन पावसाळ्यात, निपाणीला त्यांच्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं. एवढा प्रवास त्या एकट्यानं करत नसत, म्हणून मला म्हणाल्या, "येशील का सोबतीला? बोलायचं नाही. नुसती शेजारी बस." मला यापेक्षा सोपं काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बसमध्ये बसताच त्यांनी नाकाशी लिंबू धरलं आणि डोळे मिटले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निपाणीला त्या अनेकदा गेल्या असतील, पण हा रस्ता त्यांनी कधी पाहिलाच नसेल. काकतीचा डोंगर मागे गेला, संकेश्वर गेलं. हायवेचं काम चालू होतं म्हणून गाडी कडेच्या रस्त्यानं हळूहळू चालली होती. मग ती थांबली आणि थांबूनच राहिली.

"निपाणी आलं?" मॅडमनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही. मेंढरं आलीत रस्त्यात."

गाडी हलत नव्हती म्हणून त्यांनी डोळे उघडले. खिडकीची काच हातानं पुसली. मेंढरांचा लोंढा रस्ता ओलांडून पलीकडे चढत होता, आणि जिथं चढत होता तिथून पुढे नजर जाईल तिथवर गवत होतं. ओलं, कोवळं, वाऱ्यानं एका बाजूला कललेलं. त्याच्यावर ढग इतके खाली आले होते की माळ कुठं संपतो ते कळत नव्हतं.

"हे कुठलं गं?"

मी फोनवर जागा बघितली. मग छापायच्या आधी तपासायला म्हणून सोबत घेतलेल्या छोट्या नकाशाशी ताडून बघितली. 

"आपलं ओसाड," मी म्हणाले.

मॅडम उठल्या आणि दाराकडे निघाल्या. कंडक्टर ओरडला, "ओ आक्का, हितं स्टॉप न्हाय!"

"असू दे. मला उतरायचंय."

"निपाणीचं तिकीट हाय तुमचं!"

"निपाणी कुठं पळून जातंय?"

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि ड्रायव्हरला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. त्यावर पुढच्या बाकांवरचे लोक हसले. आम्ही उतरलो. बस गेल्यावर फक्त मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज उरला.

मॅडम चपला हातात घेऊन गवतात शिरल्या. आता त्यांना काहीच होत नव्हतं, ना मळमळ ना चक्कर. थोडं आत जाऊन त्या खाली बसल्या, पर्समधून भिंग काढलं आणि गवताला लावलं. एक धनगरीण कोकरू काखेत घेऊन आमच्याकडे बघत होती. ती जवळ आली.

"काय हुडकालीस गं बाई? काय पडलं काय?"

"नाही, गवत बघतेय."

"गवात न्हाय बघितलं कवा?" तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिनं आमच्या बुटाचपलांकडे, नकाशाच्या गुंडाळीकडे बघितलं. "सोलरवाली हाय व्हय तुमी? मागल्या म्हयन्यात यिऊन खांब रवून गेल्यात तिकडं."

"आम्ही नकाशावाल्या."

"मग आमी हितनं कुठं जायाचं ते बी काढलंय काय नकाशात?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "ते नाही काढलं."

 धनगरीण कोकरू खाली सोडून मेंढरांमागे गेली. ढग आणखी खाली उतरले आणि ती त्यांत दिसेनाशी झाली, घंटा तेवढ्या ऐकू येत राहिल्या. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि वर बघितलं. वर काहीही नव्हतं, सगळीकडे एकच करडा उजेड.

"त्याची वेळ झाली," त्या उपग्रहाबद्दल म्हणाल्या. "तो आत्ता वरनं चाललाय. आणि त्याला आपण दिसत नाही."

आम्ही दोघी तशाच मान वर करून उभ्या राहिलो. मला वाटलं, आपण एका टाकून दिलेल्या चित्राच्या आत उभ्या आहोत. आमच्या पायांना थंड गवत लागत होतं, आणि कुठल्यातरी पडद्यापुढे कुणीतरी म्हणत असेल, नुसते ढग आहेत.

"माहीत होतं गं मला," परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या. बारशाला आम्ही उशिरा पोचलो होतो, आणि आता त्यांनी डोळे मिटलेले नव्हते. "पावसात गवत येतं हे कुणाला माहीत नाही? पण मी ते नकाशाला कधी सांगितलंच नाही. निर्मळ तुकडे वेचत गेले. निर्मळ तुकडे मिळणार कधी? उन्हाळ्यात. सगळा नकाशा उन्हाळ्याचा झाला आणि मी त्याला जिल्हा म्हणत राहिले." मग संकेश्वरच्या पुढे त्यांना उलटी झाली. मी पिशवी धरली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नकाशा उसवायला घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्या एकेका माळावर जायच्या, तिथले तुकडे कुठल्या महिन्यांतले आहेत ते बघायच्या आणि पावसाळ्यातला एकही तुकडा नसेल तर तिथला रंग काढून टाकायच्या. मी म्हणाले, रडारचा उपग्रह ढगांतून बघतो, तो वापरू या. ते आम्ही करूनही बघितलं. पण रडारला ओल कळते, खडबडीतपणा कळतो. हे गवत आहे की नांगरलेली ओली ढेकळं, ते तिथं तो खात्रीनं सांगेना. आठवड्याच्या शेवटी भिंतीवरचा तो लख्ख नकाशा कसर लागलेल्या शालूसारखा दिसत होता, ठिकठिकाणी पांढरी भोकं. मॅडमनी रंगांच्या सूचीत एक नवा, सहावा प्रकार घातला. पांढरा रंग: पाहिलेलं नाही.

वरच्या कचेरीतल्या बैठकीत नकाशा दाखवायचं काम माझ्याकडे होतं, बोलायचं मॅडमकडे. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला.

"हे पांढरं काय? छपाईत राहिलं काय?"

"नाही साहेब. मुद्दाम ठेवलंय."

"'पाहिलेलं नाही.' असला प्रकार असतो काय कुठं?"

"आजपर्यंत नव्हता."

"मॅडम, मागच्या खेपेला हे ओसाड होतं."

"मागच्या खेपेपर्यंत मी तिथं गेले नव्हते."

"आता गेलाय न्हवं? हिरवं आहे म्हणताय न्हवं? मग हिरवं रंगवा आणि विषय संपवा."

"एक सकाळ बघून हिरवं म्हणायचं आणि नुसते उन्हाळे बघून ओसाड म्हणायचं, दोन्ही सारखंच झालं की."

"पावसाळ्यातले फोटो असतील की तुमच्याकडं. दाखवा."

मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी एकामागून एक चित्रं दाखवली. आम्ही टाकून दिलेली, आता परत शोधून आणलेली. आषाढातलं पांढरं, श्रावणातलं पांढरं, भाद्रपदातलं पांढरं. खोलीत सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तो पांढरा उजेड पडला.

"ह्यात काय दिसत नाही," साहेब म्हणाले.

"व्हय. तेच लिहिलंय."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला शेवटचं चित्र परत दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, "असा डागांचा नकाशा छापला तर लोक विचारणार, इथं काय आहे?"

"विचारू देत. मग कुणाला तरी जाऊन बघावं लागेल."

"आणि हा पुरा झालेला नकाशा नव्हे. अपुऱ्या कामावर तुमचं नाव घालायला वरून मंजुरी मिळायची नाही. अजून विचार करा. तपकिरी राहू दे, खाली टीप घालू, नाव पण राहील."

मी मॅडमकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. त्यांच्या हातातल्या भिंगाची घडी उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"नाव काढा," त्या म्हणाल्या. "पांढरं राहू दे."

नकाशा तसाच छापला गेला. पांढऱ्या जागांचं वाटप, पाहणी होईपर्यंत थांबलं. मॅडम त्याच हिवाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी अण्णांनी विचारलं, "आता कुठल्या देशात जाणार आक्का?" तर म्हणाल्या, "वडगावात. तिथला व्हिसा आहे माझ्याकडे." भिंतीवरचा नकाशा त्यांनी नेला नाही. आता त्या सकाळी भावाच्या यंत्रमागाच्या खोलीत बसतात, सुटलेली सुतं जोडून देतात, असं ऐकते. मधे एकदा मी त्यांना थरमधल्या धुळीच्या वादळाचं चित्र पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं: "पाणी प्यायलीस का?"

तवंदीच्या माळाची पाहणी पुढच्या पावसात झाली, आणि ती माझ्याकडे आली. लाकडी चौकट गवतावर ठेवायची, आतल्या काड्या मोजायच्या, माणसांना विचारायचं. विचारणं मला सगळ्यात अवघड गेलं, तरी विचारलं. त्या पाहणीवरून माळ नकाशात कुरण म्हणून लागला. रोवलेले खांब निघाले आणि प्रकल्पाची फाइल दुसऱ्या जागेच्या शोधात गेली.

पण हे सगळं व्हायच्या आधी, पाहणीच्या पहिल्याच सकाळी, मी माळावर उभी राहून मॅडमना फोन लावला होता. पलीकडे मागांचा खडखडाट चालला होता. मला मोठ्यानं बोलावं लागलं, जे मी कधी बोलत नाही.

"मॅडम, मी माळावर आहे. गुडघ्यापर्यंत गवत आहे. सगळीकडे."

 त्यांच्याकडचा एक माग थांबला, मग दुसरा.

"आभाळ आहे काय?"

"आहे. गच्च."

"मग वरनं कुणाला दिसायचं नाही," त्या म्हणाल्या. "तूच बघून घे. सावकाश बघ."